लिहील तो पुसील

(तेलगाव. एसटीडी बूथच्या मागची खोली. भिंतीवर काळा फळा, त्याच्यासमोर तिपाईवर व्हिडिओ कॅमेरा. दुपार.)

आप्पा : पूस म्हनतो ना! पोरगी माझी, जाहिरात माझी. तिचा साखरपुडा होऊन श्रावण गेला, दसरा गेला, अन् तुझ्या ह्या फळ्यावर अजून ‘वर पाहिजे’ चालूच. केबल चालवतो का आमची बेइज्जती चालवतो बे तू?

राधाकिसन : मल्लिकार्जुनआप्पा, आधी हिकडं या. तितं उभं ऱ्हाऊ नका.

आप्पा : मी कुठं बी उभा ऱ्हाईन.

राधाकिसन : बरं. मी सांगायचं काम केलं.

आप्पा : सकाळी दुकानात कोन आलतं ठाव हाय? बसलिंगआप्पा. होनारे व्याही. साखर कारखान्याच्या कॉलनीतून सायकल हाणत आलते. मला वाटलं गूळ पाह्यजे आसंल, मी काटा उचलला. तर गिऱ्हाइकांसमोर म्हनले, ‘आमच्या केदारनाथसंगं साखरपुडा केला अन् तुमी अजून वर शोधायलात. आमच्यात काय कमी दिसली?’ संध्याकाळच्या आत फळ्यावरून निघालं न्हाई तर लग्न मोडलं समजा म्हनले.

राधाकिसन : गूळ नेला का मग?

आप्पा : नेला.

राधाकिसन : मग अजून मोडलं न्हाई. मोडनारा मानूस गूळ नेत न्हाई.

आप्पा : तू लई शाना हायेस. पोरीचं लग्न टांगलंय अन् तू गुळाचं विचारायलास. अन् कॉलनीत हा फळा पोचला कवा?

राधाकिसन : दसऱ्याला. वायर नेली ना मी. बाभळीवरून, खांबावरून, शाळेच्या पत्र्यावरून. आता कसंय आप्पा, नवीन कनेक्शन जोडलं की पहिलं दर्शन फळ्याचं. पिक्चर मागून. त्या घडीला फळ्यावर जे आसंल ते नव्या मानसाला आधी दिसतं. आपल्याला ते शिळं, त्याला ताजं.

आप्पा : म्हंजे बसलिंगआप्पानं टीव्हीचं बटन दाबलं अन्...

राधाकिसन : अन् तुमी. वरच्या अंगाला आश्रुबाची म्हैस, खालच्या अंगाला डोळ्याचं शिबिर, मधोमध तुमी. कॉलनीतल्या बायांनी टाळ्या वाजवल्या. म्हनजे टीव्ही लागला म्हनून.

आप्पा : मला कुनी सांगितलं कावून न्हाई?

राधाकिसन : कोन सांगंल? सगळ्यांना वाटतं तुमाला ठाव हाय. जाहिरात तुमची. गावात टीव्ही न्हाई आसं एकच घर, ते बी तुमचं.

आप्पा : अन् घेनार बी न्हाई. टीव्ही आला की मानूस घरात बसतं. मानूस घरात बसलं की दुकानात येत न्हाई.

राधाकिसन : आमी कुठं म्हनतो घ्या. पन सगळ्या तेलगावात ही जाहिरात न बघितलेला मानूस एकच, अन् जाहिरात देनारा बी तोच. असं कारखान्यावर बी होत न्हाई.

आप्पा : बोलनं बंद कर अन् पूस.

राधाकिसन : मला हक्क न्हाई.

आप्पा : फळा तुझा, खोली तुझी, फडका तुझा. अन् हक्क न्हाई?

राधाकिसन : न्हाई. नियम हाय. लिहील तो पुसील. दूध सोसायटीचं इलेक्शन आठवतंय का? दोन पॅनेल. ह्यांनी सकाळी यायचं, त्यांचं पुसायचं, आपलं लिहायचं. त्यांनी दुपारी यायचं, ह्यांचं पुसायचं. शेवटी मतदानाच्या दिवशी फळ्यावर नुसता ओला फडका लटकत व्हता. दिवसभर तोच दिसला. आप्पा, चिन्ह असतं ना त्याला, तर फडकाच निवडून आला आसता. तवापासून नियम. ज्यानं लिहिलं त्यानंच पुसायचं. मी नुसता दाखवनारा.

आप्पा : अन् लिहिनारा मेला तर?

राधाकिसन : खडू हाय आप्पा, तांब्याचा पत्रा न्हाई. पंख्याचं वारं लागतं, धूळ बसती, पाल फिरती. एका बाजारापासून दुसऱ्या बाजारापत्तूर टिकतं, मग आपोआप उडतं. ज्याला वाटतं आपली जाहिरात ऱ्हावी, त्यानं बाजारच्या दिवशी यायचं, अक्षरावरून खडू फिरवून जायचं. गिरवलं की आनिक एक बाजार.

आप्पा : मग ते डोळ्याचं शिबिर कावून उडत न्हाई? ‘उद्या मोफत नेत्रतपासणी’. मी गुढीपाडव्याला आलतो माझी जाहिरात लिहायला, तवा बी ‘उद्या’च व्हतं.

राधाकिसन : ते ऑइलपेंट हाय. डॉक्टर म्हनला, म्हाताऱ्यांना दिसलं पाह्यजे. आता म्हातारी मानसं रोज येत्यात. मी म्हनतो, वाचा. ते वाचत्यात, ‘उद्या’. मी म्हनतो, मग उद्या या.

आप्पा : रोज?

राधाकिसन : ज्याला वाचता आलं त्याला तपासनीची गरजच न्हाई. ज्याला आलं न्हाई त्याला मी चष्म्याच्या दुकानाचा पत्ता देतो. शिबिर एक प्रकारे चालूच हाय म्हना.

आप्पा : तुझ्यासारख्या मानसाच्या हातात सरकारनं वायर कशी दिली?

राधाकिसन : सरकारनं दिली न्हाई. सरकारला अजून कळलं न्हाई.

आप्पा : हे बघ. माझ्या दुकानाबाहेर भावाची पाटी हाय. माझ्या बापापासून हाय. साखर, गूळ, तेल, शेंगदाना. गिऱ्हाईक पाटीपुढं उभं आसताना मी भाव पुसत न्हाई. जीव गेला तरी न्हाई. पन ते वळलं की फडका मारला अन् नवा भाव लिहिला. पाटी चालवायची अशी. तुझ्यासारखी म्हातारी मानसं फिरवत न्हाई मी.

राधाकिसन : लई चांगला नियम हाय. लक्षात ठेवतो. तर हा घ्या फडका. तुमी लिहिलं, तुमी पुसा. पन त्याच्या आधी एक सांगा, गुपचूप पुसायचं का सांगून?

आप्पा : पुसन्यात काय सांगायचं?

राधाकिसन : तितंच तर सगळे फसत्यात. आश्रुबाला ठाव हाय. त्यानं लिहिलं, ‘म्हैस हरवली, आणून देणाऱ्यास बक्षीस.’ दोन दिसांनी म्हैस आपल्या पायानं घरी आली. आश्रुबानं येऊन गुपचूप पुसलं. पन ज्यांनी आधी वाचलं व्हतं त्यांच्या डोक्यातून कोन पुसनार? सिरसाळ्यापत्तूर बातमी गेलती. लोक म्हशी आणायलेत. आश्रुबा म्हनतो, माझी सापडली. ते म्हनत्यात, मग ही कुनाची? अन् बांधून जात्यात.

आप्पा : मग?

राधाकिसन : मग मी म्हनलो, आश्रुबा, सांगून रद्द कर. लिही, ‘म्हैस सापडली, कोणी आणू नये.’ तर ज्यांनी पहिली जाहिरात बघितलीच न्हवती ते इचारायला आले, कोनती म्हैस? कवा हरवलती? घरात भांडन झालतं का? आता वाचा, वरती काय लिहिलंय.

आप्पा : ‘आश्रुबाकडे तीन म्हशी आहेत. ज्याच्या असतील त्याने न्याव्या.’

राधाकिसन : दर बाजारला येऊन गिरवतो बिचारा. तर तुमी ठरवा. गुपचूप पुसलं तर ज्यांनी बघितलं ते म्हननार, अजून शोधायलेत, नुसतं झाकून. अन् ‘मुलीचं लग्न जमलं, वर नको’ असं लिहिलं, तर ज्यांना ठाव न्हवतं ते म्हननार, असं लिहायची पाळी कावून आली?

आप्पा : ... गुपचूप.

राधाकिसन : बरं.

आप्पा : एकदम गुपचूप. कुनाला कळायला नको. आन तो फडका.

राधाकिसन : घ्या. फकस्त एक. पुसायच्या आधी वाचून घ्या. नियम हाय, आपलीच हाय का बघून पुसायची.

आप्पा : मी लिहिलंय बे ते! तोंडपाठ हाय. ‘वर पाहिजे. लिंगायत वाणी. मुलगी दहावी पास, गव्हाळ, गृहकृत्यदक्ष, मितभाषी. संपर्क, मल्लिकार्जुनआप्पा, किराणा दुकान.’ मितभाषी शब्द तर मास्तरला इचारून घातलाय.

राधाकिसन : चष्मा लावून वाचा.

आप्पा : अक्षर बघ. माझंच हाय. हा ‘ल’ बघ, पोटातून वळलेला. असा ‘ल’ ह्या तालुक्यात दुसरा कुनी काढत न्हाई.

राधाकिसन : ‘ल’ तुमचाच हाय. वाचा.

आप्पा : ‘वर पाहिजे. लिंगायत वाणी. मुलगी...’ थांब. ‘मुलगी बारावी पास, गव्हाळ, दुकान सांभाळते...’ हे काय?

राधाकिसन : वाचा ना फुडं.

आप्पा : ‘दुकान सांभाळते, लग्नानंतरही सांभाळील. बोलते.’ ... ‘बोलते’?

राधाकिसन : बोलते.

आप्पा : ‘संपर्क, दुकानात, मुलीशी.’ राधाकिसन! हे कुनी लिहिलं?

राधाकिसन : ‘ल’ तर तुमचा हाय.

आप्पा : बे, मी लिहिलं न्हाई हे! माझं लिहिलेलं पाडव्याला लिहिलंय. ते एका बाजारात उडायला पाह्यजे व्हतं. तूच म्हनला. मग हे ताजं कसं? खडू बघ, बोटाला लागायलाय.

राधाकिसन : कुनीतरी गिरवतं म्हनून.

आप्पा : कोन?

राधाकिसन : गिरवनारा कोन हे मी इचारत न्हाई. मी दाखवनारा.

आप्पा : तूच! तुझाच डोळा हाय माझ्या पोरीवर. लग्न मोडायचं बघायलास अन् वरून मला म्हशी सांगायलास!

राधाकिसन : आप्पा, माझं लग्न तुमीच दिलेल्या तेलाच्या डब्यांवर झालंय. पोराच्या बारशाला तुमी टोपडं आनलं. अन् माझं अक्षर बघा, तिकडं कोपऱ्यात. वाचा.

आप्पा : ‘पि... पिंप... पिंपळ तीन वाजता.’

राधाकिसन : ‘पिक्चर तीन वाजता’ हाय ते. मला तुमचा ‘ल’ आला आसता तर मी केबल टाकली आसती का? तलाठी झालो आसतो.

आप्पा : मग माझं अक्षर कुनाला येतं? माझी पाटी दुकानाबाहेर ऱ्हाती, सगळं गाव बघतं, पन बघून कुनाला ‘ल’ येत न्हाई. त्याला बसून गिरवावं लागतं. मी स्वता शिकवलाय तो, हात धरून, एकालाच...

राधाकिसन : तुमी जरा बसा. पानी देऊ का?

आप्पा : एकीलाच.

राधाकिसन : आज बाजार हाय, आप्पा. गिरवनारं मानूस आता येईलच.

शिवकन्या : राधूदादा, खडू आणलेत. रंगीत सांगितले होते ना तुम्ही, पण पांढरेच... आप्पा! तुम्ही खरंच इथं आहात!

आप्पा : कुठं आसायला पाह्यजे?

शिवकन्या : तसं नाही. मला रस्त्यात सांगितलं सगळ्यांनी, माझा विश्वास बसला नाही. न्हाव्याच्या दुकानात अर्धी दाढी झालेली माणसं उठून टीव्हीपुढं उभी आहेत. सरपंचाच्या वत्सलाबाईंनी मला हाक मारून विचारलं, ‘तुझा बाप हात कावून हलवायलाय?’

आप्पा : त्यांना कसं दिसलं?

शिवकन्या : टीव्हीत. तुमची पाठ दिसतीय. मधूनमधून तोंड.

आप्पा : राधाकिसन. तो कॅमेरा चालू हाय?

राधाकिसन : दोन पिक्चरच्या मधी चालूच असतो.

आप्पा : अन् तो लाल दिवा?

राधाकिसन : तो चालू असल्याचा.

आप्पा : मला वाटलं डासांसाठी हाय. कावून सांगितलं न्हाई बे मला!

राधाकिसन : पहिलंच वाक्य म्हनलो मी. ‘तितं उभं ऱ्हाऊ नका.’ तुमी म्हनलात, कुठं बी ऱ्हाईन. पन घाबरू नका, आवाज जात न्हाई. नुसतं चित्र.

आप्पा : म्हंजे मी ‘गुपचूप पुसतो’ म्हनलो...

राधाकिसन : ते ऐकू गेलं न्हाई. दिसलं फकस्त.

आप्पा : शिवकन्या, हिकडं ये. माझ्याकडं बघ, कॅमेऱ्याकडं न्हाई. हे तू लिहिलं?

शिवकन्या : हो.

आप्पा : कावून?

शिवकन्या : आधी नुसतं गिरवायचे. तुमच्यासाठीच. तुम्ही पाडव्याला लिहिलं, पुढच्या बाजारला मी खडू द्यायला आले तर सगळं उडालेलं. मला वाटलं, आप्पांनी एवढं मास्तरला विचारून लिहिलंय, जायला नको. गिरवून गेले. तेव्हा स्थळ यायचं होतं अजून.

आप्पा : स्थळ आलं की थांबायचं.

शिवकन्या : थांबणार होते. पण निकाल लागला ना बारावीचा. बाहेरून बसले होते मी. तुम्हाला सांगितलं, तुम्ही ‘बरं’ म्हणालात अन् गूळ जोखायला लावलात. मग मी इथं येऊन ‘दहावी’चं ‘बारावी’ केलं. खोटं कशाला राहू द्यायचं फळ्यावर? जाहिरात आपली, अन् चुकीची?

राधाकिसन : दुरुस्ती नियमात बसती.

आप्पा : तू गप. अन् फुडचं? ‘लग्नानंतरही सांभाळील’?

शिवकन्या : बसलिंगमामा साखरपुड्याला काय म्हणाले, आठवतंय? ‘लग्नानंतर पोरगी दुकानात बसायची नाही. आमच्यात चालत नाही.’ तुम्ही काय म्हणालात?

आप्पा : ‘चालंल’ म्हनलो. सगळे तसंच म्हनत्यात.

शिवकन्या : मला कोणी विचारलं नाही. मीपण काही बोलले नाही. तिथं बसून मला वाटलं, बरोबरच आहे, जाहिरातीत लिहिलंय ना, ‘मितभाषी’. मग बाजारच्या दिवशी येऊन तो शब्द पुसला.

आप्पा : अन् ‘बोलते’ लिहिलं.

शिवकन्या : जागा मोकळी राहिली होती.

आप्पा : अगं, पन नको व्हतं तर नको म्हनायचं! घरात बोलायचं. आईला सांगायचं. सगळ्या तालुक्याला वायरीवरनं सांगत न्हाईत.

शिवकन्या : आईला सांगितलं. आई म्हणाली, आप्पांना सांग. तुम्हाला सांगायला आले, तुम्ही गिऱ्हाइकात होता. तुम्ही नेहमीच गिऱ्हाइकात असता. अन् नको म्हणतच नाही मी.

आप्पा : मग काय म्हनतीस?

शिवकन्या : जाहिरातीवर आलं एक स्थळ. माझ्या, तुमच्या नाही. ‘संपर्क, मुलीशी’ वाचून दुकानात आलं. तुम्ही मोंढ्यात माल आणायला गेला होतात तेव्हा.

आप्पा : कोन आलं? कुठला हाय तो? माझ्या माघारी माझ्या दुकानात, साखरपुडा झालेल्या पोरीला बघायला येतो, कोन हाय तो भाड्या?

शिवकन्या : केदारनाथ.

आप्पा : कोनता केदारनाथ?

शिवकन्या : आपलाच. बसलिंगमामांचा. कारखान्यातल्या लॅबमधला.

आप्पा : ... तो तर आधीच आलाय! त्याच्याशीच तर जमलंय!

शिवकन्या : तेव्हा तुमच्या जाहिरातीवर आला होता. आता माझ्या.

राधाकिसन : एकाच मानसाला दोनदा पटलं. आप्पा, असं फळ्याच्या इतिहासात झालेलं न्हाई.

आप्पा : काय म्हनला तो?

शिवकन्या : पाव किलो शेंगदाणे मागितले. मग म्हणाला, ‘तुम्ही खरंच बोलता का? त्या दिवशी तर काहीच बोलला नाहीत.’ मी म्हणाले, त्या दिवशी जाहिरात जुनी होती.

आप्पा : अन् दुकानाचं?

शिवकन्या : म्हणाला, मी दिवसभर साखरेची गोडी मोजतो, तुम्ही साखर मोजा. घरात एकाला तरी गिऱ्हाइकाचं तोंड दिसू दे. वडिलांना सांगतो म्हणाला. अजून सांगितलं नाही. घाबरतो.

आप्पा : असा घाबरट जावई...

शिवकन्या : तुमच्यासमोर मीपण घाबरले, आप्पा. मी निदान लिहिलं तरी.

राधाकिसन : थांबा. फोन वाजायलाय. ... हॅलो. हां, तेलगाव बूथ. ... न्हाई, पिक्चर वेळेवर लागंल. ... न लावला तर चालंल? ... का बरं? ... बरं बरं. ... हां, त्यांच्या हातात फडका हाय. न्हाई, वीट न्हाई, फडकाच. ... ठेवतो.

आप्पा : कोन व्हतं?

राधाकिसन : वत्सलाबाई, सरपंचाच्या घरून. म्हनत्यात आज पिक्चर लावू नको, हेच चालू दे. 

आप्पा : बंद कर तो कॅमेरा.

राधाकिसन : करतो. पन मग फळा दिसनार न्हाई अन् तुमी काय केलं हे कुनालाच कळनार न्हाई. बसलिंगआप्पा म्हनतील, पुसलं कशावरून? संध्याकाळचा वायदा हाय त्यांचा. त्यांना दिसायला तर पाह्यजे.

आप्पा : मग दिसू दे. सगळ्यांच्या समोर पुसतो. हात माझा, जाहिरात माझी.

राधाकिसन : तितंच गोंधळ हाय. नियमानं आता ही जाहिरात कुनाची?

आप्पा : म्हंजे?

राधाकिसन : लिहील तो पुसील. तुमी पाडव्याला लावलेला खडू कवाच उडाला. आता फळ्यावर हाय तो सगळा खडू पोरीनं लावलेला. शब्द निम्मे तुमचे, निम्मे तिचे. वळन सगळं तुमचं, खडू सगळा तिचा.

शिवकन्या : खडू दुकानातला आहे. म्हणजे आप्पांचाच.

राधाकिसन : आता आनिकच अवघड झालं. मला वाटतं दोघांनी मिळून फडका धरावा. एका टोकाला तुमी, एका टोकाला ती.

आप्पा : सत्यनारायन हाय का बे हा?

शिवकन्या : धरते मी, आप्पा. तुम्ही पुसा म्हणालात तर मी हात लावते. मी नाही म्हणणार नाही. फक्त तुम्ही आधी हात लावा.

आप्पा : अन् मी लावला न्हाई तर?

शिवकन्या : तर मी नेहमीसारखं गिरवून दुकानात जाते. शेंगदाण्याचं पोतं सोडायचं राहिलंय.

आप्पा : जगदेवीला ठाव हाय हे? तुझ्या आईला?

शिवकन्या : ‘सांभाळील’ तिनंच सुचवलं. मी ‘सांभाळणार’ लिहिणार होते. आई म्हणाली, ‘सांभाळील’ लिही, उद्धट वाटत नाही.

राधाकिसन : परत वाजला. ... हॅलो, तेलगाव बूथ. ... कोन? ... हां, बोला बोला. ... हायेत दोघं बी. ... जरा मोठ्यानं बोला ना. ... बोलता येत न्हाई? आबा शेजारी बसलेत? ... बरं, मी बोलतो, तुमी नुसतं हां, न्हाई म्हना. ... पुसायचं का? ... न्हाई. ... बरं, आबा काय म्हनत्यात? पुसलं तर लग्न, न्हाई तर मोडलं. ... अन् तुमी? उलटं? ... हां. ... आबा चष्मा लावून बसलेत का? ... टीव्हीच्या जवळ? ... बरं, थांबा जरा, ठेवू नका.

आप्पा : केदारनाथ?

राधाकिसन : केदारनाथ. बाप म्हनतो पुसलं न्हाई तर मोडलं. पोरगा म्हनतो पुसलं तर मोडलं. म्हंजे काय, दोन्हीकडून मोडतंय. आता लवकर ठरवा, फोनचं बिल त्याच्याकडं चढायलंय.

आप्पा : तो बोलतो का मग?

राधाकिसन : कुजबुजतो. पन शब्द बरोबर हायेत.

आप्पा : अन् कॉलनीत सगळे बघायलेत?

राधाकिसन : कारखान्याची पाळी सुटलीय ना आत्ता. एकेका टीव्हीपुढं चार घरं बसल्यात. बसलिंगआप्पा पुढं हायेत, बाकी मागं.

आप्पा : म्हंजे बसलिंगआप्पा आत्ता, ह्या घडीला, पाटीपुढं हाय.

शिवकन्या : हो, आप्पा.

आप्पा : वाचायलाय?

राधाकिसन : वाचायला बघायलेत. तुमची पाठ आडवी हाय.

आप्पा : हं. ... माझ्या बापानं मला एकच शिकवलं व्हतं. गिऱ्हाईक कितीबी चिडलेलं असू दे, कितीबी घासाघीस करू दे. पाटीपुढं उभं हाय तवर...

शिवकन्या : तवर भाव पुसायचा नाही.

आप्पा : तुला बी शिकवलं का मी हे?

शिवकन्या : ‘ल’च्या आधी.

आप्पा : धर हा फडका. न्हाई, खाली ठेव. खडू आन हिकडं.

शिवकन्या : काय लिहिताय?

आप्पा : काय बी लिहीत न्हाई. ‘बोलते’ फिकं झालंय. शेवटी लिहिलं की असंच व्हतं, तवर खडू झिजलेला आसतो. पंखा बंद कर बे जरा.

शिवकन्या : हळू गिरवा. ‘ल’ आहे त्यात.

आप्पा : ठाव हाय मला. ‘सांभाळील’ मधी बी हाय.

राधाकिसन : आप्पा, जरा बाजूला सरका. कॉलनीला वाचता येईना.